चिमट्यावरचं स्टिकर

"अरे धर, धर! माझ्या पायावर पडतेय!" मोहित ओरडला.

"आधी तूच सोडलीस ना!" विपुल म्हणाला.

"दोघंही गप्प बसा आणि उचला!" तृप्तीनं दटावलं.

लोडिंग रिक्षावाला थांबला नाही. गोणपाटात गुंडाळलेली सायकल त्यानं ओट्याशी उतरवली, "हो गया, मैं चलता हूँ," म्हणाला आणि धूर सोडत राजपुरा दरवाज्याकडे निघूनही गेला. मे महिना, दुपारचे बारा. वीज गेल्यामुळे गल्लीतले पॉवरलूम गप्प होते. बुऱ्हाणपुरात अशी शांतता क्वचित मिळते, पण ती ऐकायला बाहेर कोणी नव्हतं. कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलाव्यात पोट टेकून पडली होती. उन्हात उभी होती ती फक्त ही तीन मुलं, कारण गेले अकरा दिवस ती या सायकलचीच वाट पाहत होती.

तृप्ती जूनपासून नववीत जाणार होती. नवी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागच्या बाजूला. शेअर रिक्षात चौघांच्या जागेवर आठ जण कोंबलेले. म्हणून तिनंच आईच्या जुन्या फोनवर ती जाहिरात शोधून काढली होती : 'मुलींची निळी सायकल, सहा गिअर, एकच मालक, दोन वर्षं वापरलेली. एकही ओरखडा नाही. इंदूरहून घरपोच.' फोटो इतका सुंदर होता की तिच्या धाकट्या भावानं, मोहितनं, स्क्रीनवरच हात फिरवला होता. विपुल त्यांचा आतेभाऊ, जळगावहून सुट्टीला आलेला. सायकलींमधलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

गोणपाट सुटलं. आत पुठ्ठे होते आणि दांड्यांना गुंडाळलेल्या कापडाच्या लांब लांब पट्ट्या. मोहितनं त्यातली एक डोक्याला फेट्यासारखी बांधून टाकली.

"निळी तर आहे," विपुल सावधपणे म्हणाला.

"माझा हातपण निळा झालाय!" मोहितनं पंजा दाखवला. रंग अजून चिकट होता!

मग एकेक दिसायला लागलं. एक पॅडल काळं, एक लाल. सीटला प्लास्टिकचं कव्हर, कव्हराखाली फाटलेला स्पंज. मागचं चाक फिरवलं की झोपाळू म्हशीसारखं डुलत होतं.

"आणि गिअर?" तृप्तीनं विचारलं.

विपुलनं हँडलवरचा खटका दोनदा दाबला. खटक्यापासून निघालेली तार बोटभर जाऊन संपली होती.

"गिअर... शोभेचे आहेत," तो म्हणाला.

सगळ्यात चकचकीत काय असेल, तर पुढच्या चिमट्यावरचं स्टिकर. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोन दांडे. त्यातल्या एकावर विजेच्या आकाराचं चंदेरी स्टिकर झळकत होतं.

तृप्ती सीटवर बसली. दहा पावलं गेली असेल नसेल, पुढून 'कर्र...' असा आवाज आला, जणू कोणी दात खात होतं. ती उतरली. तिला रडू येत होतं, पण इतक्या उन्हात रडायचाही कंटाळा आला होता. ती ओट्यावर बसून राहिली.

"सुकलालकाकांकडे नेऊ," मोहित म्हणाला. "ते सगळं नीट करतात."

सुकलालकाकांचं दुकान म्हणजे दरवाज्याजवळच्या कडुनिंबाखाली एक पत्र्याची पेटी, पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. चाळीस वर्षं त्यांनी राजपुऱ्यातल्या सायकली दुरुस्त केल्या होत्या. आता डोळे दमले होते, गुडघे दमले होते, पण हात मात्र अजून शाबूत होते. चार वाजता मुलं सायकल ढकलत त्यांच्यापर्यंत पोचली. काकांनी चाकं, पॅडल, सीट काहीच पाहिलं नाही. ते थेट चिमट्याशी वाकले.

"इथं स्टिकर चिकटवायला सायकलवाल्याकडं काहीतरी कारण असतं," ते पुटपुटले आणि नखानं स्टिकर खरवडलं. खाली पिवळट लुकण होतं, भिंतीच्या भेगेत भरतात तसं. ते खडूसारखं गळून पडलं. खाली चिमट्याला अर्ध्याहून जास्त चीर गेलेली, वरवर डाग दिलेला.

काकांनी पुढचं चाक गुडघ्यांत दाबलं आणि हँडल मागे ओढलं.

कडाक्!

चिमट्याचा एक दांडा निखळून लोंबायला लागला. तिघंही मागे सरकले.

"पोरी, हिच्यावर बसलीस का तू?"

"दहा पावलं," तृप्ती म्हणाली. 

"उतारावर तुटलं असतं तर समोर तोंडावर पडली असतीस. वर सायकल, मागून ट्रक." काकांनी हात पुसले. "ही दुरुस्त नाही होत. भंगारात टाक."

तेवढ्यात कारखान्याची पाळी संपवून गोदाबाई आल्या. त्या मुलांच्या शेजारी राहायच्या, पॉवरलूमवर काम करायच्या. बारा तास उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते. त्या पेटीवर टेकल्या आणि मोहितकडं बघून म्हणाल्या, "काय रे, आमच्या कारखान्याची कातरण डोक्यावर बांधून कुठं मिरवू राहिला?"

"तुमच्या कारखान्याची?" मोहितनं फेटा काढला.

"ही बघ ना किनार. लाल धाग्यामध्ये दोन पिवळे. असं फक्त आमच्याकडं विणतात. काठ कापला का ही कातरण निघते."

तृप्ती ताडकन उठली. "पण मावशी, ही तर सायकलला गुंडाळून इंदूरहून आली!"

"इंदूरहून? छे ग! ही कातरण गावाबाहेर जातच नाही. आमच्या मागच्या शेडवाला पोतं पोतं उचलून नेतो. सायकली रंगवतो तो."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. सायकल इंदूरची नव्हतीच! ती इथलीच होती, गोदाबाईंच्या लालबागच्या कारखान्यामागची!

बाबा सात वाजता घरी आले. सुरेश त्यांचं नाव, वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. मे महिन्यात त्या खिडकीसमोरची रांग रस्त्यापर्यंत यायची. त्यांनी सगळं ऐकलं, तुटलेला चिमटा हातात घेऊन पाहिला, जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. कोणी उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला : 'बिका हुआ माल वापस नहीं होगा।'

"बाबा, आपण तिथं जाऊ या ना! उद्याच!"

बाबा चटईवर आडवे झाले. "तृप्ती, दिवसभर मी लोकांच्या तक्रारी ऐकतो ग. घरी येऊन आपणच तक्रार करायची म्हटलं की अंगातलं उरलंसुरलं बळ जातं. तू पडली नाहीस, हेच पुष्कळ. जाऊ दे."

 आईनं पंख्याखालची जागा त्यांना दिली.

"मोठी माणसं किती पटकन 'जाऊ दे' म्हणतात," गच्चीवर पाणी मारताना मोहित म्हणाला.

"दमतात," तृप्ती म्हणाली.

"मग आपण काय कमी दमलोय?" विपुल म्हणाला. "पण उद्या जायचं. एकदम बकरा बनवायचं त्याला!"

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात निघेपर्यंत दहा वाजले आणि शेड सापडेपर्यंत बारा. तिघांच्या चपला डांबराला चिकटत होत्या. गोदाबाईंच्या कारखान्यामागे पत्र्याचं छप्पर, छपराखाली मोडक्या सायकलींचा ढीग आणि निळ्या रंगाचे डबे. आणि एका पांढऱ्या चादरीसमोर, ऐटीत उभी, एक सुंदर निळी सायकल!

"फोटोतली!" मोहित कुजबुजला. "हीच ती फोटोतली! ही विकतच नाही तो. हिचा नुसता फोटो विकतो!"

कूलरसमोर खाटेवर एक माणूस पडला होता. वय असेल पस्तीस. दोन फोन छातीवर, डोळे अर्धे मिटलेले.

"क्या चाहिए?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं.

"तुषारभाऊ तुम्हीच ना?" विपुलनं पत्र्यावरची पाटी वाचून ठोकून दिलं. "मी जळगावहून आलोय. सायकल पाहिजे. एकदम मजबूत! घाटात चालवायचीय."

गिऱ्हाईक म्हटल्यावर तुषार उठून बसला. "माझ्या सगळ्याच मजबूत! राजपुऱ्यात एक पाठवली, असीरगढला तिची जुळी बहीण. एकाच ट्रकखाली..." तो थबकला. "म्हणजे, एकाच ट्रकमधून आल्या होत्या दोघी."

तृप्तीला लगेच उमगलं. जुळी बहीण! एकाच ट्रकखाली सापडलेली, तसलंच लुकण भरलेली, तसलंच स्टिकर लावलेली!

"असीरगढला कोणाला दिली?" तिनं शक्य तितक्या साधेपणानं विचारलं.

"तुला काय करायचंय? सायकल घ्यायची तर बोला, नाही तर उन्हात डोकं नका खाऊ." तो पुन्हा लवंडला. "जुनी वस्तू आहे. जुनी ती जुनीच निघणार. कोणाला काही होत नाही."

मोहित तोवर भिंतीकडं सरकला होता. तिथं खिळ्याला गिऱ्हाइकांचे पत्ते लिहिलेला कागद टांगला होता. त्यानं आईच्या फोननं गपचूप फोटो काढला आणि मोठ्यानं म्हणाला, "दादा, मला तहान लागली! चल ना!"

कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या सावलीत त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. 'कौतिक पाटील, असीरगढ, मुलीसाठी.' खाली नंबर. दोनदा फोन वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"कोण बोलू राहिलं?"

"आजी, तुमच्याकडं नवीन निळी सायकल आलीय ना?"

"हो, आमच्या लीलाची. मी मथुराबाई, तिची आजी. लीला झोपेल आहे. ऊन उतरलं का किल्ल्यावर ढकलत नेईन म्हणते, अन् वरून पाय न मारता खाली येईन म्हणते! लहान्या भावालाबी बसवीन म्हणते मागं. काय सांगू बाई, ऐकतच..."

"आजी! तिला सांगा, त्या सायकलवर बसू..."

फोन कटला. पुन्हा लावला. बंद. पुन्हा. बंद. कागदावर दुसरा नंबर नव्हता.

दीड वाजला होता. तृप्तीनं बाबांना फोन लावला. मागून गलका ऐकू येत होता : "साहेब, तीन दिवस झाले!" "आमच्या गल्लीतच का?"

"बाबा, असीरगढला कौतिक पाटलांच्या मुलीकडं तसलीच सायकल आहे. संध्याकाळी ती किल्ल्याच्या उतारावरून येणार आहे. भावाला मागं बसवून."

"तुम्ही घरी जा. मी ऑफिस सुटल्यावर बघतो."

"ऑफिस सुटेपर्यंत ती खाली आलेली असेल, बाबा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बस पकडा. तिघं एकमेकांना सोडू नका. पोचलात की फोन कर. मी येतो मागून."

बस सुटायला तीन वाजले. ती आधीच भरलेली होती, तरी आणखी वीस माणसं, दोन गॅस शेगड्या आणि एक बकरी आत आली. बकरी विपुललाच टेकून उभी राहिली. पुढे केळीचा ट्रक, त्यापुढे आणखी एक केळीचा ट्रक. चढावर सगळेच धापा टाकत होते. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. मोहित उभ्या उभ्या तृप्तीच्या पाठीवर झोपला. तिला झोप येत नव्हती. डोळे मिटले की 'कडाक्' ऐकू येत होतं.

असीरगढला उतरले तेव्हा सव्वापाच झाले होते. वर डोंगराच्या माथ्यावर किल्ला, खाली घरं. घर शोधायला वेळ लागला नाही. मथुराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"फोन तुम्हीच केला काय? बॅटरीच गेली त्याची. लीला? आत्ता गेली बघ, गोटूला घेऊन."

तिघं धावत सुटले. म्हणजे पहिलं वळण धावले. दुसऱ्या वळणाला चालायला लागले. तिसऱ्या वळणाला विपुल दगडावर बसला.

"मी मेलो. तुम्ही पुढं व्हा."

"ऊठ! एकमेकांना सोडायचं नाही असं सांगितलंय!"

"पाण्याची बाटली?"

"बकरीजवळ राहिली!"

हसायची ताकद कोणात नव्हती, तरी ते हसले आणि पुन्हा चढायला लागले. घसे कोरडे, पोटऱ्या दगडासारख्या. पाचव्या वळणावर मोहितनं वर बोट दाखवलं. उतरत्या उन्हात निळा रंग चमकत होता. एक मुलगी सायकलवर बसली होती. मागे कॅरिअरवर सहा वर्षांचं एक पोरगं, दोन्ही हातांनी तिचा कुर्ता धरून.

"लीलाऽऽ! थांबऽऽ!"

वारा उलटा होता. मुलीनं पायानं जमीन रेटली. सायकल निघाली.

"हात धरा!" तृप्ती ओरडली. "रस्ता अडवा!"

तिघांनी हातात हात घालून अख्खा रस्ता अडवला. सायकल हळूहळू वेग घेत होती. मुलगी घंटी वाजवत होती, ओरडत होती, "बाजूला व्हा! बाजूलाऽऽ!" कोणी हललं नाही. तिनं ब्रेक दाबला. ब्रेक कसला लागतोय! शेवटी तिनं दोन्ही चपला मातीत घासल्या, धुरळा उठला, सायकल वेडीवाकडी झाली आणि तृप्तीच्या पोटाशी येऊन थांबली.

"वेडे आहात का तुम्ही?" लीला बारा वर्षांची होती आणि चांगलीच भडकली होती. "आम्ही पडलो असतो ना!"

"उतर," तृप्तीला एवढंच म्हणता आलं.

"का उतरू? कोण तू? तुला माझी सायकल पाहिजे?"

"माझ्याकडं आहे अशीच. उतर. आधी त्याला उतरव."

तिच्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, लीलानं गोटूला खाली घेतलं. तृप्ती चिमट्याशी बसली आणि नखानं चंदेरी स्टिकर खरवडायला लागली. लुकण गळून पडलं. मग तिनं सुकलालकाकांसारखं चाक गुडघ्यांत दाबलं आणि सगळा जोर लावून हँडल ओढलं. एकदा. दोनदा. विपुलनं हात लावला.

कडाक्!

 लीला खाली, पाच वळणांच्या उताराकडं पाहत राहिली, मग रस्त्याच्या कडेला बसली आणि तिनं गोटूला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरायला लागला. थोड्या वेळानं तिनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली तृप्तीपुढे केली. तिघांनी ती संपवली.

सायकल खांद्यावर घेऊन सगळे खाली आले तेव्हा सूर्य टेकला होता. लीलाचे वडील कौतिकभाऊ केळीच्या मळ्यातून नुकतेच आले होते. त्यांच्या शेजारी ओट्यावर बाबा बसले होते, ऑफिसच्या कपड्यांत, घामानं भिजलेले, हातात मथुराबाईंनी दिलेला ताकाचा पेला. त्यांनी तुटलेला चिमटा पाहिला, गोटूला पाहिलं. मग एका घोटात ताक संपवलं.

"परवा रविवार आहे," ते म्हणाले. "कौतिकभाऊ, तुम्ही येणार?"

"यावंच लागंल," कौतिकभाऊ म्हणाले.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसून बोलत होते, बहुधा स्वतःशीच. "एकट्यानं केलेली तक्रार ऐकून घेणारा विसरतो. मीही विसरतो. दोघांनी मिळून केली, हातात पुरावा धरून केली, की विसरता येत नाही."

"पण बाबा, तो कबूल कसा करणार?" तृप्तीनं विचारलं. "'मला काय माहीत' म्हणाला तर?"

"म्हणणारच. सगळे तेच म्हणतात."

"मग आम्हाला आधी आत जाऊ द्या," तृप्ती म्हणाली.

रविवारी सकाळी शेडबाहेर भिंतीआड चार मोठी माणसं उभी होती : बाबा, कौतिकभाऊ, सुकलालकाका आणि सुट्टी असूनही आलेल्या गोदाबाई. तृप्ती, मोहित, विपुल आणि लीला आत गेली.

"आले पुन्हा!" तुषार जांभई देत म्हणाला. आज त्याची मुलगीही शेडमध्ये होती, रंजिता, सात वर्षांची, रंगाच्या डब्यांचा मनोरा करत बसलेली.

"भाऊ, सायकल घ्यायचं नक्की केलंय," विपुल म्हणाला. "फक्त एकदा चालवून दाखवा. आम्ही व्हिडिओ काढतो. तुमच्या जाहिरातीलापण कामाला येईल!"

"हां! हे आवडलं मला!" तुषार खूश झाला आणि चादरीसमोरच्या सुंदर सायकलकडं वळला.

"ही नाही," तृप्ती म्हणाली. "ती." तिनं कोपऱ्यातल्या सायकलकडं बोट दाखवलं. अर्धी गुंडाळून झालेली, चिमट्यावर चंदेरी स्टिकर. "आम्हाला ती आवडली. रस्त्याच्या उतारावरून फक्त एक चक्कर मारा."

तुषारचा हात हवेतच राहिला. "ती... तिच्या चाकात हवा नाही."

"पंप आणलाय!" मोहितनं पिशवीतून सुकलालकाकांचा पंप बाहेर काढला. दहाव्या मिनिटाला दोन्ही चाकं टणक झाली!

"माझी कंबर धरलीय रे. उन्हानं चक्कर येते."

"उतारच आहे. पाय मारायला नकोत," लीला म्हणाली.

"उद्या या. उद्या दाखवतो."

"पप्पा, मी दाखवते!" डबे टाकून रंजिता धावत आली. कोणाला काही कळायच्या आत ती दांड्यावर चढली आणि तिनं पायानं स्टँड काढला. सायकल दारातल्या उताराकडं घरंगळली.

"नको! रंजू, उतर! तुटेल ती!"

त्याची किंकाळी पत्र्यावर आपटून परत आली. तृप्ती तयारच उभी होती. तिनं हँडल आणि रंजिताची कंबर एकदमच पकडली आणि तिला खाली उतरवलं. पोरीला काही कळलंच नाही. "काय झालं?" ती विचारत राहिली.

तुषार जागच्या जागी उभा होता. भिंतीआडून मोठी माणसं आत आली होती.  सुकलालकाकांनी दोन तुटके चिमटे खाटेवर ठेवले.

"हा माझ्या मुलीचा," बाबा म्हणाले.

"अन् हा माझ्या," कौतिकभाऊ म्हणाले. "मागं पोरगं बसेल होतं. तुमच्या पोरीपेक्षा लहान."

तुषारनं चिमट्यांकडं पाहिलं, मग मुलीकडं. तो खाटेच्या काठावर बसला.

"मी कधी एवढा विचारच नाही केला," तो म्हणाला. "भंगारातून येतात. मी लुकण भरतो, रंगवतो, पाठवतो. पाठवली की झालं. कोणी बसणार आहे, असं... असं डोळ्यांसमोर आलंच नाही कधी."

"आता आलं ना?" गोदाबाई म्हणाल्या. "मग बाकीच्या कुठं आहेत त्या सांग."

"आमचे पैसे नंतर," तृप्ती मध्येच म्हणाली. "आधी त्या कागदावरचे सगळे नंबर. आत्ताच."

तृप्ती आणि लीलाचं घर सोडून कागदावर एकोणीस नावं होती. दोन्ही फोन स्पीकरवर ठेवून तुषार बसला; विपुल नाव वाचायचा, मोहित खूण करायचा. "मी सायकलवाला बोलतोय. सायकल चालवू नका. चिमटा फुटका आहे. हो, माहीत होतं. हो, माझीच चूक." पहिल्या तीन फोनवर त्यानं कारणं सांगितली, चौथ्यापासून नुसतं तेवढंच. काही जणांनी शिव्या दिल्या. एकानं पोलिसात जातो म्हटलं. "जा," बाबा म्हणाले, "आणि आम्हालाही साक्षीला बोलवा." खंडव्याच्या एका मुलाचा हात आधीच मोडला होता. ते ऐकल्यावर तुषारनं फोन खाली ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि मग पुढचा नंबर लावला.

दुपार सरली. कूलरमधलं पाणी संपलं. चहा आला, गोटूसाठी म्हणून लीलानं त्यातलं एक बिस्कीट रुमालात बांधून ठेवलं. अठरा खुणा झाल्या. एकोणिसावा नंबर नेपानगरचा, कोणी उचलतच नव्हतं. पाच वेळा. सात वेळा. मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"जाऊ द..." तुषारनं सुरुवात केली आणि तृप्तीकडं पाहून गप्प बसला.

बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. दहाव्यांदा लावल्यावर एक बाई बोलली. सायकल अजून उघडलीच नव्हती. मुलाचा वाढदिवस मंगळवारी होता.

"उघडू नका," बाबा म्हणाले. आणि मग खूप वेळ, हळू आवाजात, त्यांनी त्या बाईला सगळं नीट समजावून सांगितलं.

मोहितनं शेवटची खूण केली. आनंदानं ओरडायला कोणाला त्राण नव्हतं. तुषारनं दोघींचे पैसे परत केले, सगळ्या गिऱ्हाइकांचे परत करीन, खंडव्याच्या मुलाला भेटायला जाईन, असं बाबांच्या सांगण्यावरून कागदावर लिहून दिलं. खाली चार मोठ्यांच्या आणि चार लहानांच्या सह्या झाल्या. चिमट्याच्या चिरा लपवणारी स्टिकरांची गुंडाळी सुकलालकाकांनी रंगाच्या डब्यात बुडवून टाकली.

"चाळीस वर्षं हे काम करतोय," ते मुलांना म्हणाले, "पण चिमट्यात चीर दिसली की मी फक्त त्या सायकलचा विचार करायचो. दुसरी कुठं असेल, हा विचार तुम्ही केला. शाब्बास, पोरांनो!"

 कौतिकभाऊंनी तृप्तीच्या डोक्यावर मातीनं भेगाळलेला हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, केळी उतरली की एक घड तुमच्या घरी. दरवर्षी." लीला तिला म्हणाली, "सायकल घेशील तेव्हा मला बोलाव. चिमटा मी तपासणार."

घरी जाताना रिक्षात मोहित बाबांच्या मांडीवर झोपला, विपुल दाराच्या दांड्याला डोकं टेकून. तृप्तीनं डोळे मिटले होते. शनवारा चौकातल्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा बाबांनी आईला फोन लावला.

"हो, येतोय. सायकल? नाही, सायकल नाही आणली. ते राहू दे. ऐक ना, आपली पोरगी..." त्यांनी मोहितला मांडीवर नीट घेतलं. "मी दमलो होतो ग. ती पण दमली होती. पण ती थांबली नाही. मला फार अभिमान वाटला तिचा."

तृप्तीला सगळं ऐकू आलं. काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं, पण डोळे उघडायचासुद्धा कंटाळा आला होता. ती तशीच बाबांच्या खांद्यावर कलंडली आणि घर येईपर्यंत गाढ झोपली.